बेहड्याखालचा काटा

बाळांनो, एका जंगलात एकच जंगल होतं. पण तिथल्या सशांना, वानरांना आणि रानडुकरांना ती तीन जंगलं वाटत असत.

ही युक्ती आयाळराज सिंहाची. पूर्वी या तिन्ही जमाती खड्ड्यांवरून भांडत. उन्हाळ्यात पाणी साठवायला खड्डा लागतो आणि सावलीतला खड्डा सगळ्यांनाच हवा असतो. रोजच्या कज्ज्यांना आयाळराज कंटाळले. एके दिवशी त्यांनी तिन्ही म्होरक्यांना वेगवेगळं बोलावलं आणि प्रत्येकाला तेच सांगितलं. "हे सगळं जंगल तुझंच. तूच इथला राजा. फक्त करवंदीच्या जाळीपलीकडे जाऊ नकोस. तिकडे काही नाही."

तेव्हापासून तिन्ही राजे सुखात होते. आपल्याखेरीज या जगात राजा नाही, अशी प्रत्येकाची खात्री होती. प्रत्येकाने आपले खड्डे एकपासून मोजले. त्यामुळे जंगलात पहिला खड्डा तीन ठिकाणी होता, आणि तिसराही तीन ठिकाणी होता.

पाणी आणणारा हत्ती मात्र एकच. दंतोबा त्याचं नाव. पाठीवर दोन मोठ्या पखाली लादून तो नदीवरून यायचा. पखाली कोणाच्या कातड्याच्या, हे जंगलात कोणी विचारत नसे. दंतोबा ताकदीचा होता, पण नजरेने अधू होता. आकडे त्याला येत नसत आणि राजांची नावंही लक्षात राहत नसत. त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. काठावर काटा रोवलेला दिसला की पखाल उलटी करायची. काटा नसेल तर थेंबही सांडायचा नाही.

काटा रोवायचं काम साळूबाईकडे होतं. साळूबाई म्हणजे एक वयस्कर साळिंदर. कोणत्या राजाचा कितवा खड्डा खरोखर कुठे आहे, हे अख्ख्या जंगलात तिलाच माहीत होतं. सशांच्या राजाने "तिसरा भरा" असा निरोप धाडला की ती बेहड्याच्या झाडाकडे निघायची. वानरांचा तिसरा ओढ्याच्या वळणावर होता आणि रानडुकरांचा तिसरा बोरीच्या बेटात. तिथे जाऊन ती काटा रोवायची, दंतोबा ओतायचा, मग ती काटा उपटून तोंडात धरायची आणि पुढच्या खड्ड्याकडे पळायची. तिच्याजवळ आपोआप गळलेले सात काटे होते. त्या सात काट्यांवर तिने चौदा उन्हाळे काढले होते.

एका उन्हाळ्यात ओरड सुरू झाली. पाणी उशिरा पोचतं, असं तिन्ही राजे म्हणू लागले. दंतोबाही कुरकुरला. भरल्या पखाली पाठीवर घेऊन या म्हातारीची वाट बघत उभं राहावं लागतं, आपले गुडघे गेले, असं त्याने आयाळराजांना सांगितलं.

आयाळराजांनी शेजारच्या तळ्यावरून बगळेसाहेबांना बोलावून घेतलं. कामं झपाट्याने कशी करावीत, यातले ते जाणकार समजले जात. ते पांढरेशुभ्र होते आणि फार कमी बोलत. तीन दिवस ते एका पायावर उभे राहून साळूबाईकडे पाहत होते. चौथ्या दिवशी त्यांनी तिला समोर बोलावलं.

दिवसाला तू ऐंशी खेपा करतेस, असं त्यांनी सांगितलं. चाळीस काटा रोवायच्या आणि चाळीस उपटायच्या. रोवल्याने खड्ड्यात पाणी येतं, हे त्यांना मान्य होतं. उपटल्याने कोणत्या खड्ड्यात किती पाणी आलं, ते त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"उपटल्याने पाणी येत नाही, साहेब," साळूबाई म्हणाली. "पण उद्या तो खड्डा दुसऱ्या कुणाला दिला, तिथे कुणी राहायला आलं, तर दंतोबा त्याच्या अंगावर ओतेल."

"आजवर असं किती वेळा झालं?"

साळूबाईने चौदा उन्हाळे आठवून पाहिले. "एकदाही नाही."

"मग जे कधी झालंच नाही, ते टाळायला तू रोज चाळीस खेपा घालतेस?"

साळूबाईला उत्तर सुचलं नाही. उत्तर होतं, हे तिला जाणवत होतं. पण बगळेसाहेबांच्या डोळ्यांकडे पाहिलं की आपण मासा आहोत असं वाटे, आणि माशाला सहसा काही सुचत नाही.

नवी पद्धत लागू झाली. काटे उपटायचे नाहीत. एकदा रोवला की रोवला. निरोपाची वाट न बघता दंतोबाने स्वतःच फेरी मारायची आणि जिथे काटा दिसेल तिथे ओतायचं.

आता खड्डे चाळीस आणि गळलेले काटे सात. उरलेले तेहतीस साळूबाईच्या पाठीतून काढावे लागले. बगळेसाहेबांनी याला गुंतवणूक म्हटलं. साळूबाई दोन दिवस पालथी पडून होती. तिच्या पाठीवर मध्यभागी तव्याएवढं टक्कल पडलं आणि वारा सुटला की ते झोंबू लागलं.

पण पाणी मात्र सपाट्याने येऊ लागलं, हे खोटं कशाला सांगू? दुपारपर्यंत चाळीस खड्डे काठोकाठ भरत. दंतोबाचे गुडघे सुधारले. तिन्ही राजांनी आपापल्या जंगलात बगळेसाहेबांचा सत्कार केला. एकच सत्कार तीनदा घेताना त्यांना अवघडल्यासारखं झालं नाही. साळूबाईला काम उरलं नाही, म्हणून खड्ड्यांच्या बातम्या तिला कळवणंही बंद झालं.

मग वैशाखात सशांनी बेहड्याखालचा खड्डा सोडला. त्यांना नदीजवळ दुसरा मिळाला होता. आयाळराजांनी बेहड्याखालचा खड्डा रानडुकरांना दिला. त्यांच्याकडची हौसाबाई बाळंत व्हायची होती आणि तिला थंडाव्याची जागा हवी होती. करवंदीची जाळी तेवढी पलीकडे सरकवण्यात आली. आपलं जग थोडं मोठं झालं, याचं रानडुकरांच्या राजाला फारसं नवल वाटलं नाही. त्याचं नाव सुळेश्वर. तो स्वतः जागा बघायला आला. दंतोबा त्या दिवशी फिरकलाच नव्हता, त्यामुळे खड्डा कोरडा होता आणि काठावर एक सुरेख काळा-पांढरा काटा उभा होता. तो आपल्या सन्मानार्थ रोवला आहे, हे त्याने पाहताक्षणी ओळखलं. काट्याला रानफुलांची माळ घालायला लावून तो परत गेला.

नदीवर गेलेला दंतोबा तापाने आजारी पडला होता आणि तीन दिवस तिकडेच राहिला. त्या तीन दिवसांत हौसाबाईला सात पिल्लं झाली.

चौथ्या दिवशी सकाळी साळूबाई पाठीला चिखल थापत बसली होती. वरून एक कावळा बोलता बोलता बोलून गेला की बेहड्याखाली गोड पिल्लं आहेत, अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"कोणत्या बेहड्याखाली?" साळूबाईने विचारलं.

जंगलात बेहडा एकच होता. तो कावळ्यापेक्षा तिला जास्त माहीत होता. आणि आपला काटा तिथे आहे, हेही तिला माहीत होतं. तिने दंतोबा कुठे आहे ते विचारलं. तो बरा झाला, आज फेरीला लागला, ओढ्याच्या वळणावर दिसला, असं कावळ्याने सांगितलं. वळणानंतर बोरीचं बेट आणि त्यानंतर बेहडा.

साळूबाई पळत सुटली. तिची कंबर वाकलेली होती आणि पाय आखूड होते. बोरीच्या बेटाजवळ पोचली तेव्हा तिथली माती ओली होती. म्हणजे दंतोबा पुढे गेला होता. वाट वाचवायला ती मधल्या एका करवंदीच्या झुडपातून आरपार घुसली. एरवी काटेच काट्यांना अडवायचे. या वेळी उघड्या पाठीवर करवंदीने चांगले ओरखडे काढले.

बेहड्याखाली दंतोबाची एक पखाल उलटी झाली होती. त्याला मागचं पुढचं दिसत नव्हतं. फुलांची माळ घातलेला काटा दिसत होता, एवढं त्याला पुरे होतं. खड्ड्यात हौसाबाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. चार पिल्लं तिच्या पाठीवर होती, दोन तिने तोंडात धरली होती आणि सातवं कुठे दिसत नव्हतं. तोंडात पिल्लं असल्याने तिला ओरडताही येत नव्हतं. दंतोबा दुसऱ्या पखालीचं तोंड सोडत होता.

साळूबाईने काठावर अंग टाकलं, काटा दातांत धरला आणि माळेसकट उपटला.

दंतोबा थांबला. सोंडेने त्याने जागा चाचपली. "इथे काटा होता," तो संशयाने म्हणाला.

"नाही," साळूबाई दातांतून म्हणाली. "इथे काटा नाही. पुढे जा."

तो गेला. त्याला तेवढंच शिकवलं होतं. साळूबाई पाण्यात उतरली आणि गाळ चाचपत सातवं पिल्लू वर काढलं. ते बराच वेळ काही बोललं नाही. मग शिंकलं.

प्रकरण वाढलं. आपल्याच राज्यात आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे, असं सुळेश्वराने ठरवलं आणि स्वतःचेच चार मंत्री झाडाला बांधून ठेवले. आयाळराजांना चौकशी करावी लागली. पण चौकशी अवघड होती. पाणी कुणासाठी होतं, हे सांगायचं तर सशांचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि रानडुकरांच्या जगात ससे नव्हते. शेवटी ढगफुटी झाली, असा निष्कर्ष निघाला. ढग नेमका आपल्याच नव्या जागेवर फुटला, हे ऐकून सुळेश्वर खूश झाला. त्याने मंत्री सोडले. बगळेसाहेबांनी वेगळा शेरा लिहिला. पद्धत निर्दोष आहे, फक्त एक काटा जागेवर आढळला नाही, तरी साळूबाईला समज द्यावी.

समज द्यायला आयाळराजांनी तिला एकटीला बोलावलं. साळूबाईने समज ऐकून घेतली. मग ती म्हणाली की काटे रोजच्या रोज उपटायला नकोत, हे बगळेसाहेबांचं खरं आहे. खड्डा ज्याचा त्याच्याकडे असेतो काटा खुशाल राहू द्यावा. ज्या दिवशी खड्डा हात बदलेल, त्या दिवशी मात्र दुसऱ्याला द्यायच्या आधी उपटावा. चाळीस खेपांच्या जागी महिन्याकाठी दोन-तीन खेपा पडतील.

आयाळराजांनी बराच वेळ शेपूट हलवली. "बरोबर आहे. पण तसा हुकूम मला काढता येणार नाही. खड्डा हात बदलतो असं लिहिलं, की आधी तो कुणाच्या हातात होता हे विचारतील."

"मग?"

"मग मी तुला काही बोललेलो नाही, आणि तू काय करतेस ते मी पाहिलेलं नाही."

साळूबाई घरी आली तेव्हा दाराशी हौसाबाई उभी होती. जाळी ओलांडून आली होती. वाटेत तिला सशांचा राजा भेटला होता आणि त्याने तिला आपल्या जंगलात काय काम, म्हणून हटकलं होतं. ती अजून त्याच धक्क्यात होती.

"हे सगळं एकच जंगल आहे?" तिने विचारलं.

"हो."

"आमच्या राजाला सांगू?"

"सांगून बघ," साळूबाई म्हणाली. "मग सगळे मिळून पुन्हा बेहड्यासाठी भांडतील. तुझी पिल्लं तिथेच आहेत ना?"

 हौसाबाईने साळूबाईची सोललेली पाठ पाहिली. खड्डा दुसऱ्या कुणाला दिला की तुला कोण सांगतं, असं तिने विचारलं. कोणी नाही, असं साळूबाई म्हणाली.

"आजपासून मी सांगेन," हौसाबाई म्हणाली आणि तिच्या पाठीवर ओला चिखल थापायला बसली.

पुढची कित्येक वर्षं त्या जंगलात पाणी वेळेवर आलं आणि कोणीही बुडालं नाही. बगळेसाहेबांची कीर्ती सात तळ्यांपर्यंत पोचली.

तात्पर्य: जे काम केल्याने काहीच घडत नाही, ते काम कधी करू नये. आणि करावंच लागलं, तर एका पायावर उभं राहून बघणाऱ्याला कळू देऊ नये.