खेकडोबाचं दुकान

तानिएलाचं दुकान तिसऱ्यांदा बुडायच्या बेतात होतं आणि गावात कोणालाच त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. आमच्या बेटावरच्या वाइसेरे गावात नात्यातला माणूस दारात येऊन "दे" म्हणाला की द्यायचं असतं. त्याला केरेकेरे म्हणतात. नाही म्हणणाऱ्याचं तोंड कोणी पाहत नाही, आणि गावात सगळेच एकमेकांच्या नात्यातले. त्यामुळे दुकानातून माशांचे डबे, साखर, साबण असं सगळं जायचं आणि बदल्यात "देव तुझं भलं करो" यायचं.

"हेही दुकान बसलं तर मी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जाणार," तानिएलाने बायकोला सांगितलं. "मग वर्षभर तरी माझी वाट बघू नकोस."

मकेरेता गावच्या बालवाडीत शिकवायची. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. त्या घरात एकटीने राहायचा नुसता विचारही तिला सोसवत नव्हता.

मोठ्यांना पैसे देऊन घ्यायला शिकवण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात तिच्या बहिणीने सुवा शहरातून चित्रांचं एक पुस्तक धाडलं. त्यात एक खेकडोबा नारळाचं दुकान मांडतो. माशाला नारळ हवा तर त्याने शिंपला द्यायचा, बगळ्याला हवा तर त्याने पीस. फुकट कोणालाच नाही. मुलं शिकली की घरी जाऊन आईबापांना शिकवतील, असं मकेरेताला वाटलं.

मुलं शिकली. जरा जास्तच शिकली.

दुसऱ्याच दिवशी लावेनिया बुबूने, म्हणजे आजीने, नातीला हाक मारली, "उनाइसी, जरा पाणी आण गं."

"काय देशील?"

"आता गं बया! आजीला विचारतेस?"

"खेकडोबा म्हणतो, फुकट कोणालाच द्यायचं नाही."

म्हातारी तशीच तहानलेली उठली आणि वाटेत भेटेल त्याला हे ऐकवत गावभर हिंडली. तिकडे पाद्रीबाबांच्या धाकट्याने प्रार्थनेला डोळे मिटायचे म्हणून बिस्किटं मागितली. संध्याकाळी गावप्रमुख सावेनाकाने सभाच बोलावली.

"मकेरेता, पोरांना काय शिकवतेस तू?"

"दुकान कसं चालतं ते शिकवते, मामा."

"चालतंय की! सकाळीच मी साबण आणला तिथून."

"पैसे दिलेत?"

असलं काही चारचौघांत विचारायचं म्हणजे हद्द झाली.

आता माफी मागणं आलं. आमच्याकडे माफी कोरडी मागत नाहीत. यांगोना नावाच्या झुडपाची मुळं पुढे ठेवायची, ती कुटून, पाण्यात कालवून सगळ्यांना प्यायला द्यायची, आणि वर पोटभर जेवण घालायचं. मुळं तानिएलाच्या दुकानातून आली. तांदूळ तिथूनच आले आणि माशांचे डबेही. बिचारा स्वतःच खांद्यावरून वाहून आणत होता.

पोट भरल्यावर सावेनाकाला गहिवरून आलं. "पोरीची बोलायची रीत चुकली, पण म्हणणं खरं आहे. तानिएला आपला माणूस. त्याचं दुकान आपणच जगवायचं. उद्यापासून प्रत्येकाने रोख पैसे मोजायचे!"

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मकेरेता तर आनंदाने रडायलाच लागली.

सकाळी दुकानापुढे ही गर्दी. सगळ्यांत पुढे सावेनाका.

"साखर दे. रोखीने घेणार."

"घ्या की, मामा."

"पण रोख कुठंय माझ्याकडे? तू दे ना थोडे."

तानिएलाने दिले. मामाला नाही कसं म्हणणार? सावेनाकाने तेच पैसे ऐटीत फळीवर आपटले आणि साखर उचलली. मागची बाई पुढे सरकली. "मलाही दे रे बाबा. मी काही फुकट नेणार नाही हं!"

दुपारपर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या आणि गल्ल्यात सकाळी होते तेवढेच पैसे उरले. गाव मात्र छाती पुढे काढून चालत होतं. रोखीने खरेदी केली होती ना!

"बास झालं," तानिएला म्हणाला. तो हसत होता, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

गल्ल्यातले पैसे प्रवासाच्या तयारीत संपले. तो निघाला त्या दिवशी सगळं गाव होडीपर्यंत सोडायला आलं, गाणी म्हटली, ढसाढसा रडली माणसं. रडण्यात खोटं काही नव्हतं. सावेनाकाने आठवण म्हणून त्याचं तिकडच्या थंडीसाठी घेतलेलं नवं जाड जाकीट मागून घेतलं.

त्यानंतर घर मकेरेताला खायला उठलं. शेजारच्या बायका रोज डोकावून जायच्या, पण दिवे लागले की ज्या त्या आपापल्या घरी. बालवाडीत मुलांनी पुन्हा खेकडोबाचाच हट्ट धरला. शेवटच्या चित्रात सगळे नारळ विकून झालेले असतात आणि खेकडोबा शिंपल्यांच्या ढिगावर एकटाच बसलेला असतो. तिला पुढे वाचवेना. तिने मुलांना लवकर सोडून दिलं.

उनाइसी तेवढी दारात रेंगाळली.

"बाई, ते पुस्तक मला द्या ना."

मकेरेताला आता कोणाला काही द्यायची इच्छाच उरली नव्हती.

"फुकट नको," उनाइसी घाईघाईने म्हणाली. "बदल्यात मी तुम्हाला आमची बुबू देते. रात्री झोपायला. ती घोरते खूप, पण घरात आवाज तरी होईल."

मकेरेताने पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

अंधार पडायच्या आत लावेनिया बुबू चटई काखेत मारून दारात हजर झाली.

"कुठे टाकू गं?" तिने विचारलं.