सहाशे बारा बेवारशी फाइली

त्या कचेरीतल्या अवाढव्य सॉफ्टवेअरमध्ये सहाशे बारा हेडर फाइली बेवारशी असल्याचं समितीच्या निदर्शनास आलं. हेडर फाइल म्हणजे एका प्रोग्रॅमची दुसऱ्याला ओळख करून देणारी चिठ्ठी. ह्या चिठ्ठ्या कोणा माणसाने लिहिलेल्या नव्हत्या. सगळे तुकडे जोडून ॲप बांधायला घेतलं, म्हणजे बिल्ड सुरू झालं, की यंत्रच त्या लिही, वापरी आणि पुसून टाकी. पहाटेचं दव जसं येतं नि कोणाला न सांगता जातं. कोणाचंच काही अडत नव्हतं. समितीला नेमकं हेच खटकलं.

नियम निघाला. प्रत्येक फाइलीला ठरलेलं घर हवं, घराची नोंद हवी, नोंदीच्या अर्जाला फाइल जोडलेली हवी. नोंद झाल्याखेरीज बिल्ड चालू करू नये.

बिल्ड सांभाळणारी एक ताई होती. गुरुवारी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि तिच्या रजेवर शेरा होता: बिल्ड पास झाल्यावर मंजूर. ती साहेबांकडे गेली. फाइल बिल्डमध्ये जन्मते, बिल्डला नोंद लागते नि नोंदीला फाइल, हे तिने तीनदा समजावलं. साहेबांनी तिन्ही वेळा मान डोलावली.

"साहेब, जन्माआधी बाळाचा फोटो मागताय तुम्ही."

"पासपोर्ट आकाराचा चालेल," साहेब म्हणाले.

मग ताईने पदर खोचला. यंत्राने जे लिहायचं ते तिने सोमवारपासून हाताने लिहायला घेतलं. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर नियमाप्रमाणे एक ओळ लागे: 'ही फाइल यंत्राने तयार केली आहे. हात लावू नये.' तीही तिने सहाशे बारा वेळा हातानेच लिहिली. मधेच आईचा फोन आला.

"पट्टी सुटल्यावर आधी तूच दिसायला हवीस गं."

"येते गं आई. थोड्याच राहिल्यात."

बुधवारी दुपारी बिल्ड पास झालं. टाळ्या पडल्या. सगळ्या फाइली आधीच जागेवर आहेत म्हटल्यावर त्या लिहिणारं यंत्र म्हणजे दुबार काम, असं ठरवून समितीने ते काढून टाकलं. पुढे फाइली बदलाव्या लागल्या तर कोण बदलणार, हा रकाना रिकामा राहत होता. तिथे ताईची नोंद झाली, यंत्रसामग्रीत.

तिचा रजेचा अर्ज संध्याकाळी परत आला. शेरा सौम्य होता: यंत्रसामग्रीस रजेची तरतूद नाही. दुरुस्तीसाठी बंद ठेवता येईल. महिनाभर आधी कळवावे.

गुरुवारी आईला शेजारीण घेऊन गेली. शुक्रवारी सकाळी पट्टी सुटली तेव्हा म्हातारीने आधी दाराकडे पाहिलं, मग पुन्हा डोळे मिटून घेतले. ताई त्या वेळी चारशे सातवी फाइल बदलत होती.

त्याच सकाळी तुमच्या फोनवर त्या कचेरीच्या ॲपचा निरोप आला, 'अपडेट आपोआप होईल.' तुम्ही बोट टेकवलंत, चहाला गेलात आणि दहा मिनिटं जास्त लागली म्हणून ॲपला एक तारा कमी दिलात.