सासुरवाडीचा दाखला

निमठाणे शहराला पडलेलं टोपणनाव एका मंगळवारी सकाळी नगरपालिकेत आलं आणि जन्माचा दाखला मागू लागलं. दाराशी भिवातात्या शिपाई बसले होते. त्यांनी त्याला चपला बाहेर काढायला लावल्या, तांब्याभर पाणी दिलं आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलाशी नेलं.

"नाव?" डोईफोडे बाईंनी विचारलं.

"सासुरवाडी."

"बापाचं नाव?"

"तेच तर ठाऊक नाही, बाई."

टोपणनाव बेतानं बोलणारं होतं. निमठाण्यात तीस वर्षं आमदार बाहेरगावचाच निवडून येई. यायचा, पाहुणचार घ्यायचा, मान घेऊन परत जायचा. म्हणून शहराला म्हणायचं सासुरवाडी. विरोधक हे नाव सभेत टाळ्यांसाठी घेत, आणि आमदारांची माणसं ते ऐकलं की बाह्या सारत. आता आमदारांनी हुकूमच काढला होता. ज्या टोपणनावाची नोंद नाही, त्यानं दिवस मावळायच्या आत हद्द सोडावी.

"मग दुसरं गाव बघा की," बाई म्हणाल्या.

"बघितलं. शेजारी आमदार गावातलाच आहे. तिथं माझा काय उपयोग?"

बाईंनाही ते पटलं. त्यांनी टोपणनावाला बाकावर बसवलं.

दुपारी विरोधी पक्षाचे विश्वासराव आले. हे नाव आपणच ठेवलं, लिहून घ्या, म्हणाले. बाईंनी त्यांना शर्ट काढायला सांगितला. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तेव्हा ज्यानं नाव ठेवलं, त्याच्या पाठीवर खूण ही हवीच. विश्वासरावांची पाठ तुळतुळीत निघाली.

"अहो, जनता माझ्या पाठीशी आहे!"

"पाठीशी असेल. पाठीत नाही," बाई म्हणाल्या. "पुढचा."

पुढचं कुणी नव्हतं. भिवातात्या खाली बघत दाराशी उभे होते. पाठ कुणाची, ते त्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी आमदार नळाच्या उद्घाटनाला आले, फीत कापली, जेवले आणि गेले. नळाला पाणी आलंच नाही. तेव्हा रिकामा हंडा कमरेवर घेऊन तात्यांची धाकटी बहीण गजरा म्हणाली होती, "ही तर बाई यांची सासुरवाडी. यायचं, ताट वाढून घ्यायचं. खरकटं काढायला आपण आहोतच." बायकांनी हसता हसता तिच्या पाठीत धपाटे घातले. पाच वळ उठले, ते काही गेले नाहीत. थंडीत ठणकत, मग तात्या तेल कोमट करून चोळत. पण गजराबाई बाजारात भाजी विकायला बसत, आणि बाजारातल्या जागा आमदारांची माणसं ठरवत. बोललं तर बहिणीची जागा जाणार. म्हणून तात्या गप्प.

दिवस कलला, ऊन पाण्याच्या टाकीवर चढलं. टोपणनावानं पिशवी उचलली.

"बरं तात्या. पाणी गोड होतं तुमचं."

तात्यांना राहवलं नाही. "जरा टेक," म्हणाले आणि बाजाराकडे गेले. गजराबाई आल्या त्या मेथीची जुडी हातात घेऊनच.

"जागा जाईल, गजरे," तात्या वाटभर सांगत होते.

"जाऊ दे रे दादा. मी ठेवलेलं नाव असं पोरकं हिंडतंय, अन् मी मेथी विकत बसू?"

बाईंनी चष्मा पुसून वळ मोजले. पाच. "आत्या, गजराबाई," त्यांनी लिहिलं. "आत्या ठरली की बाप आपसूक ठरतो. आत्याचा भाऊ. तात्या, अंगठा द्या."

निवृत्तीला चार महिने राहिले असताना भिवातात्या बाप झाले.

तेवढ्यात आमदार आत शिरले. "कुणी ठेवलं हे नाव?"

"मी," गजराबाई पाठमोऱ्या होत्या, तशाच म्हणाल्या.

आमदारांचा हात उठला आणि धपकन पाठीत बसला. बाईंचं पेन चालतच होतं.

"आत्याच्या पाठीत धपाटा घालणारा बारशाला हजर धरतात, साहेब," त्या म्हणाल्या. "साक्षीदार म्हणून. इथे सही."

पुढे आलेल्या कागदावर सही करायची आमदारांना सवय होती. त्यांनी केली.

"आता साक्षीदाराला बाळ हद्दीबाहेर काढता येत नाही. आत्याची जागाही उठवता येत नाही. मागे छापलंय."

आमदारांनी कागद उलटून वाचला. खरंच छापलेलं होतं. मग कॅन्टीनमधून घुगऱ्या आल्या. आमदारांनी दोनदा घेतल्या.

टोपणनाव तात्यांबरोबर घरी गेलं. थंडी पडली तेव्हा तात्यांनी नेहमीप्रमाणे तेल कोमट केलं. गजराबाईंच्या पाठीवर आता सहा वळ होते. सहाव्यात अंगठीचा ठसा होता.

"तिथं जरा हळू हं, बाबा," टोपणनाव म्हणालं, आणि तेलाची वाटी पुढे केली.