गुलाबाच्या कुंडीचा सिनेमा

विमानात सीटमागच्या पडद्यांसाठी सिनेमे निवडणं, हे साहेबांचं काम. पण हल्ली जो तो आपापला टॅब घेऊन चढतो. मग पडदे हवेत कशाला, असं वरिष्ठांनी विचारलं. निम्मे पडदे तरी चालू दिसले नाहीत, तर सोमवारी त्यांच्या खात्याला टाळं लागणार होतं. म्हणून साहेब साधे प्रवासी बनून स्वतःच मोजायला निघाले.

विमान वर जाताच त्यांनी मान उंच करून मोजलं. प्रवासी एकशे ऐंशी, चालू पडदे अकरा. त्यातले नऊ जण पडद्यासमोर झोपले होते आणि उरलेल्या दोघांना पडदा बंद कसा करायचा ते कळत नव्हतं.

शेजारच्या काकू मात्र टॅबवर एक बंद दार बघत होत्या. पाच मिनिटं झाली तरी दार काही उघडेना. साहेबांना राहवेना.

"काकू, कुठला हो हा सिनेमा?"

"सिनेमा कसला डोंबलाचा! आमच्या दारावरच्या कॅमेऱ्याचं कालचं रेकॉर्डिंग आहे. माझी गुलाबाची कुंडी चोरीला गेलीय. आज चोर बघितल्याशिवाय मी विमानातून उतरायची नाही!"

खिडकीजवळ काकूंचे यजमान, म्हणजे काका, डोळे मिटून बसले होते.

"तो पेपरवाला बघा, कसा रेंगाळतोय," साहेब म्हणाले.

"छे हो, दोन्ही हात भरलेत त्याचे!" मागच्या रांगेतून कुणीतरी मान पुढे काढली. हळूहळू पुढचेही वळले. सिनेमे निवडण्यात हयात घालवलेले साहेब श्वास रोखून एका दाराकडे बघत राहिले, आणि मोजायचं साफ विसरले.

तेवढ्यात काकू ओरडल्या, "अगं बाई, दोनच टक्के!"

"वायर द्या इकडे!" साहेबांनी झटकन ती पडद्याखाली खोचली आणि पडदा लावला. "पडदा चालू असला तरच चार्जिंग होतं."

ही बातमी षट्कर्णी व्हायला कितीसा वेळ! प्रत्येकाचा फोन भुकेलेला. बघता बघता विमानभर पडदे लागले. साहेबांनी मोजले, एकशे त्रेचाळीस! खातं वाचलं, या आनंदात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

इकडे टॅबवर सायकल वळवताना कुंडीला धक्का लागला. सायकलवाल्याने घाईघाईने तुकडे पिशवीत भरले आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

"अहो!" काकू गरजल्या.

एकशे त्रेचाळीस पडद्यांपैकी खरोखर बघितला जात असलेला पडदा एकच होता. काकांनी कानाला हेडफोन लावले होते आणि सिनेमावरची नजर काढायची त्यांची छाती होत नव्हती.