साम्य सत्त्याण्णव टक्के

शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला वरून एक परिपत्रक आले आणि त्यानुसार आमच्या शाळेत नववीला 'माहिती तंत्रज्ञान व त्याचे सामाजिक परिणाम' हा विषय सुरू करण्यात आला. विषय कोणी शिकवायचा हे ठरवण्यासाठी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शिक्षकांची बैठक बोलावली. मी कवायतीचा शिक्षक. मैदानावर चिखल असल्यामुळे त्या दिवशी मी वेळेवर पोहोचलो. वेळेवर पोहोचणारा मी एकटाच असल्यामुळे माझी निवड एकमताने झाली.

"सर, तंत्रज्ञानाला शिस्त लागते आणि ती तुमच्याकडे आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "तंत्रज्ञानाचं काय, ते पुस्तकात दिलेलं असतं."

मला हे पटले. मी पुस्तक उघडले, पहिल्या धड्याची चित्रे पाहिली आणि कामाला लागलो.

शाळेत बारा संगणक होते. त्यांना धूळ आणि विद्यार्थी या दोहोंपासून धोका असल्यामुळे संगणक कक्षाला कुलूप असे, आणि प्रत्येक संगणकावर मापाने शिवून घेतलेली खोळ असे. मुलांना खिडकीतून खोळी दाखवण्याची सोय होती. प्रात्यक्षिकासाठी मी प्रत्येकाकडून पुठ्ठ्याचा कीबोर्ड करून घेतला. मग शिट्टी वाजवून तास सुरू. "एकला कॉपी, दोनला पेस्ट! एक... दोन... एक... दोन... मागची रांग, पेस्ट उशिरा होतंय!" एक्केचाळीस मुले एका तालात कॉपी-पेस्ट करताना पाहून माझा ऊर भरून येई. संचलनातसुद्धा इतकी एकी मी पाहिली नव्हती.

या वर्गात एक मुलगी होती. तिचे प्रत्येक वाक्य 'पण सर' या शब्दांनी सुरू होत असल्यामुळे वर्गाने तिचे नावच 'पणसर' पाडले होते. "पण सर, पेस्ट केलेलं दिसणार कुठे?" हा तिचा पहिला प्रश्न. मी सांगितले, परीक्षेत दिसेल. त्यावर वर्ग हसला, ती हसली नाही. अशी मुले शिकवायला अवघड असतात, कारण ती ऐकत असतात.

दुसऱ्या सत्रात प्रकल्प आला. विषय 'माहिती तंत्रज्ञानाचा माझ्या कुटुंबावर झालेला परिणाम'. गुण वीस. प्रकल्प मान्य झाल्याशिवाय हॉल तिकीट नाही, हॉल तिकीट नसेल तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नसेल तर पुन्हा नववी. मी हे तीनदा वाचून दाखवले.

आमच्या शाळेत प्रकल्प करण्याची एक चांगली रीत आहे. फाटकासमोर झेरॉक्सवाले काका बसतात. त्यांच्या संगणकात 'नववी प्रकल्प अंतिम' आणि 'नववी प्रकल्प खरा अंतिम' अशा दोन फायली आहेत. मुलाने नाव आणि हजेरी क्रमांक सांगायचा, काका तो वर टाकतात आणि चकचकीत मुखपृष्ठासह प्रकल्प तयार. पालकांचा वेळ वाचतो, मुलांचा वाचतो, आणि सगळे सारखेच असल्यामुळे तपासणाऱ्याचाही वाचतो. चाळीस मुलांनी असे चाळीस प्रकल्प आणून दिले. चाळिसांच्याही प्रस्तावनेत कोणा एका दिवंगत मुख्याध्यापकांचे आभार मानले होते. आमच्या शाळेत असे मुख्याध्यापक कधी झालेच नाहीत, पण इतकी मुले आभार मानतात म्हणजे माणूस मोठा असणार, असे मोठ्या बाईंचे मत पडले. आम्ही दोन मिनिटे उभे राहिलो.

एक्केचाळिसावा प्रकल्प पणसरचा. दोनशे पानी वही, निळी शाई, खाडाखोड. तिने तीन आठवडे घरात कोपऱ्यात बसून मोजमाप केले होते. वडील जेवताना 'हं' किती वेळा म्हणतात: एकतीस. त्यातले योग्य जागी किती: चार. एके दिवशी तिने आईला सांगून पाहिले, "आई, मी नापास झाले." आई फोनवरून मान न उचलता म्हणाली, "बरं, हात धुऊन घे." हेही तारीख-वार घालून लिहिलेले.

आजोबांवर सहा पाने होती. आजोबांना ऐकू येत नाही असे घरात सगळ्यांनी ठरवून टाकले होते, कारण ते कशालाच उत्तर देत नसत. पोरीने त्यांच्या मागे उभे राहून हळूच चमचा पाडला. आजोबा लगेच वळले. मग तिने विचारले, आजोबा, तुम्ही बोलत का नाही? त्यावर आजोबा म्हणाले, "अगं, घरात सगळे हातातल्याशी बोलतात. मला वाटतं, हे मला नाही, त्याला विचारतायत. उगाच मधे कशाला बोलू?"

हे वाचून मला कसेतरीच झाले. पण पुढच्या पानावर 'शाळा' असे शीर्षक होते. 'मोबाईलचा अतिवापर' हा धडा शिकवताना सरांनी किती वेळा मोबाईल पाहिला: एकोणीस. यातल्या सहा वेळा मी फक्त किती वाजले ते पाहिले होते. सर्वेक्षणात असला एकांगीपणा असू नये. मी वही मिटली आणि तपासणीला लावली.

तपासणी आमच्या हातात नाही. त्यासाठी वरून 'साम्यमापक' नावाची प्रणाली आली आहे. प्रकल्प तिच्यात घातला की तो जगातल्या इतर लिखाणाशी किती जुळतो ते ती टक्क्यांत सांगते. ही प्रणाली मुळात चोरी पकडण्यासाठी केली होती असे म्हणतात. पण आमच्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत नियम आला, 'प्रकल्पास विश्वसनीय आधार असणे बंधनकारक आहे', आणि आधार मोजायला दुसरे काही साधन नसल्यामुळे तीच वापरायची ठरली. साठ टक्क्यांवर साम्य असेल तर मान्य. चाळिसांपैकी एकोणचाळीस मुलांचे साम्य प्रत्येकी सत्त्याण्णव टक्के निघाले. उरलेले तीन टक्के म्हणजे नाव आणि हजेरी क्रमांक. राहिलेल्या एकाचे तर शंभर आले, कारण काका त्याचे नाव टाकायलाच विसरले होते. त्याचे खास कौतुक झाले.

पणसरची वही कार्यालयातल्या बाईंनी पानापानाने प्रणालीत घातली. साम्य शून्य. पडद्यावर लाल चौकट आली: 'या मजकुरास जगात कोठेही आधार आढळला नाही.'

मोठ्या बाईंनी मुलीला आणि तिच्या वडिलांना बोलावले. वडील आले, खुर्चीत बसले आणि फोन काढला.

"हे कुठून आणलंस?" मोठ्या बाईंनी विचारले.

"घरून."

"घरून म्हणजे कुठल्या साइटवरून?"

"साइट नाही बाई. मी बघितलं आणि लिहिलं."

"बघितलंस, ते कबूल. पण तू बघायच्या आधी ते कुणी बघितलं होतं?"

"कुणीच नाही."

"बघा सर!" मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "स्वतःच कबूल करतेय. बाळ, जे आधी कुणीच बघितलेलं नाही, त्याला आपण ज्ञान कसं म्हणायचं? अहो, तुम्ही तरी सांगा तिला."

"हं," वडील म्हणाले.

"शनिवारपर्यंत वेळ आहे," मी मध्यस्थी केली. "समोर जा, काकांना नाव सांग, पाच मिनिटांत होईल."

"पण सर, त्यात माझं घर नाहीये," ती म्हणाली आणि रडू लागली. "त्यात लिहिलंय की माझ्या भावाला गेमचं वेड आहे. मला भाऊच नाही!"

"मग काय झालं?" मोठ्या बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "इतर चाळीस जणांना आहे ना."

पोरगी डोळे पुसत गेली. एक आख्खे वर्ष जाणार होते तिचे, आणि तेही खरे लिहिल्याबद्दल. मला वाईट वाटले. मी कवायतीचा माणूस असलो तरी आतून लाकडाचा नाही. तेव्हा मी प्रामाणिक प्रयत्न केला. वहीच्या पानांचे फोटो काढले आणि पालकांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिले, 'सदर मजकुराचा मूळ आधार कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.'

पहिल्या मिनिटाला अकरा जोडलेले हात आले. दुसऱ्या मिनिटाला फुले. 'डोळ्यांत पाणी आलं सर' असे एका पालकाने लिहिले, ते पाने उघडण्याआधीच. मग कोणीतरी सवडीने तो मजकूर टाईप केला, कोणीतरी खाडाखोड काढली आणि कोणीतरी त्यावर मावळत्या सूर्याचे चित्र घातले. 'शाळा' हे पान तेवढे वाटेत गळाले, याला मी नशीब म्हणेन. बुधवारी तो मजकूर मला माझ्या सासुरवाडीकडून आला. तोपर्यंत आजोबांचे 'एक वयोवृद्ध तत्त्वज्ञ' झाले होते, चमच्याची घंटा झाली होती, आणि खाली 'एका जगप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञाचे चिंतन' असे आले होते.

गुरुवारी पणसर माझ्याकडे आली. वडिलांनी तोच मजकूर घरच्या ग्रुपवर टाकला होता. वर त्यांचे स्वतःचे दोन शब्द होते: 'प्रत्येकाने वाचावे. सुदैवाने आपल्या घरात असे काही नाही.'

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारले.

"मी म्हटलं, बाबा, हे मी लिहिलंय."

"आणि ते?"

"हं म्हणाले."

शुक्रवारी मी वही पुन्हा तपासणीला लावली. साम्य सत्त्याण्णव टक्के. हिरवी चौकट: 'मजकुरास भक्कम आधार आढळला.' मला इतका आनंद झाला की मी कार्यालयात शिट्टी वाजवली. मोठ्या बाईंनी पोरीला बोलावून घेतले आणि स्वतः उठून तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आधी असंच लिहिलं असतंस तर एवढा त्रास झाला असता का?"

"बाई, तेच आहे ते. मीच लिहिलेलं."

मोठ्या बाईंचा चेहरा गंभीर झाला. कारण आता वेगळाच पेच उभा राहिला होता. मजकूर जगप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञाचा, आणि वहीवर नाव एका नववीतल्या मुलीचे. म्हणजे ही चोरी! चाळीस जणांच्या बाबतीत हा प्रश्न आला नाही, कारण काकांच्या फाइलीचा लेखक कोण हे कोणालाच ठाऊक नाही, आणि ज्याचे कोणी नाही त्याची चोरी होत नाही. मोठ्या बाई अनुभवी आहेत, त्यांनी तोडगा काढला. मुलीने एक घोषणापत्र लिहून द्यायचे: 'वरील प्रकल्पातील एकही शब्द माझा स्वतःचा नाही. त्यातील घर माझे नाही व आजोबा माझे नाहीत.' खाली सही. मग मान्य. वीसपैकी एकोणीस गुण, एक गुण उद्धटपणाचा कापला.

"आणि सही नाही केली तर?" तिने मला विचारले.

"तर पुढच्या वर्षीही मीच शिकवणार आहे," मी म्हणालो.

तिने ओळींवरून बोट फिरवत कागद वाचायला घेतला. 'आजोबा माझे नाहीत' या ओळीवर तिचे बोट थांबले. मला वाटले, आता वही उचलेल आणि निघून जाईल. खरे सांगायचे तर तिने जावे असे मला आतून वाटत होते, पण मी तसे बोललो नाही, कारण मोठ्या बाई बसल्या होत्या. तिने सही केली. चांगल्या अक्षरात केली. मग मधली कोरी पाने ओलांडून वहीचे शेवटचे पान उघडले आणि ती माझ्यापुढे सरकवली.

त्या पानापर्यंत मी पोहोचलोच नव्हतो. तिथे पट्टीने आखलेला एक तक्ता होता. वर लिहिले होते: 'हा प्रकल्प वाचणाऱ्या प्रत्येकाने भरावे. वाचताना आपण किती वेळा फोन पाहिला?' खाली नाव, संख्या, सही असे रकाने.

"मोठ्या बाई, आधी तुम्ही," मी म्हणालो. मोठ्या बाईंनी वही आपल्याकडे ओढली आणि शून्य लिहून सही केली. मीही शून्य लिहिले. आमच्या हुद्द्याच्या माणसांना दुसरा आकडा शोभत नाही. मुलीने दोन्ही शून्ये पाहिली, हॉल तिकीट घेतले आणि गेली.

वही आता शाळेच्या कपाटात, उत्कृष्ट प्रकल्पांच्या खणात आहे. घोषणापत्र तिला टाचून ठेवले आहे. तक्त्यात माझ्या नावाखाली बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत, तेव्हा तुम्ही इथवर वाचत आलाच आहात तर एक ओळ भरून टाका. आकड्याचा फार विचार करू नका, शून्यच लिहा. तुम्हाला खोटे ठरवू शकेल अशी मोजणारी सबंध शाळेत एकच होती, आणि यातले काहीही आपण पाहिलेले नाही, असे तिच्याकडून आम्ही लेखी घेऊन ठेवले आहे.