टपावरचं कॅरियर आणि सासऱ्यांचा बाक

मोजमापाच्या बाबतीत माझा हात धरेल असा माणूस अख्ख्या लोवेच शहरात सापडायचा नाही. ही बढाई नाही, माझा धंदाच तो आहे. चोवीस वर्षं मी जमिनी मोजतोय. दोन शेजारी बांधावरून एकमेकांच्या उरावर बसले की मला बोलावणं येतं. मी तिपाई लावतो, दुर्बिणीतून बघतो, खुंट्या ठोकतो आणि दोघंही माझ्यावर चिडून घरी जातात. मोजणी बरोबर झाल्याची तीच खूण. त्यामुळे आमच्या चिमुकल्या गाडीसाठी टपावरचं कॅरियर निवडायची वेळ आली, तेव्हा मी बायकोला सांगितलं, "रुमियाना, यात तू लक्ष घालू नकोस. हे मोजमापाचं काम आहे."

ती म्हणाली, "बरं." आमच्या घरात या शब्दाला मी सर्वांत जास्त घाबरतो.

कॅरियर हवं होतं सासऱ्यांसाठी. मिन्को त्यांचं नाव, वय एकोणऐंशी, राहणार डोंगरातल्या गोर्ना क्रुशा गावी, आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर. सासूबाई गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून म्हातारा एकटा. फेब्रुवारीत अंगणातल्या बर्फावरून घसरले आणि शेजारचा गेन्चो साखर मागायला आला तोवर तसेच पडून होते. तेव्हापासून रुमियाना फोन वाजला की आधी खुर्चीवर बसायची आणि मग उचलायची.

"बाबा, आमच्याकडे या," असं तिनं किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. आधी कोंबड्या आडव्या आल्या. मग बटाटे. मग ते म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर राहायला मी काय कबूतर आहे?" आणि एक दिवस, ऑगस्टच्या शेवटी, त्यांचा आपणहून फोन.

"येतो मी. पण बाक येणार असेल तर."

द्राक्षाच्या मांडवाखालचा अक्रोडाचा बाक त्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतः बनवला होता. सासूबाई आणि ते रोज संध्याकाळी त्यावर बसायचे.

"आणू की," रुमियाना म्हणाली. "एक टेम्पो सांगते."

"टेम्पो नको. एकट्या म्हाताऱ्याच्या दारात टेम्पो लागला की गावाला वाटतं, गेला. लोक मेणबत्त्या घेऊन येतील. तुमच्या गाडीतून येईन. प्लम उतरले की पुढचा शनिवार. त्या शनिवारी नाही आलात तर रविवारी माझा विचार बदललेला असेल."

म्हणजे हातात तीन आठवडे होते. बाक दोन मीटर चाळीस, वजन एकतीस किलो. हे मी मागच्याच भेटीत टेप लावून आणि न्हाणीघरातला वजनकाटा वापरून काढलं होतं. आमच्या गाडीच्या टपाला पन्नास किलो चालतं. मग मी तक्ता केला. डाव्या बाजूला कॅरियरचे प्रकार: टोपलीसारखं, पेटीसारखं, नुसत्या दोन आडव्या दांड्यांचं. वरच्या बाजूला लांबी, वजन, वाऱ्याचा विरोध, गंज. रोज रात्रीच्या जेवणानंतर मी तो तक्ता उघडायचो आणि रुमियाना उठून भांडी घासायला जायची.

दोन दांड्यांचं जिंकलं. मी दुकानात गेलो. तिथं वेणी घातलेला एक गंभीर गृहस्थ होता.

"गाडी तीन दारांची की पाच दारांची?"

आमच्या गाडीला दोन दारं आहेत. एक माझं, एक रुमियानाचं. मी तसं सांगितलं.

"दोन दारांची नसते," तो म्हणाला. "तीन किंवा पाच."

आता ज्या माणसानं चोवीस वर्षं मोजणी केली, त्यानं कॅरियर विकणाऱ्याला "म्हणजे कसं हो?" असं विचारायचं का? मी मनातल्या मनात मोजलं. दोन दारं. डिकीचं तिसरं. पुढचं बॉनेट, तेही उघडतंच, चौथं. आणि पेट्रोलचं झाकण.

"पाच," मी ठामपणे म्हणालो.

शुक्रवारी संध्याकाळी इमारतीसमोर मी कॅरियर बसवलं. दांड्यांच्या टोकांना चिमटे असतात, ते दाराच्या वरच्या खाचेत अडकवायचे आणि सोबत आलेल्या खास आकाराच्या पान्यानं आवळायचे. पुढची दांडी व्यवस्थित बसली. मागची दांडी मागच्या दाराच्या खाचेत बसवा असं पत्रकात लिहिलं होतं, आणि आमच्या गाडीला मागचं दारच नाही. छापणाऱ्याची चूक म्हणून मी सोडून दिलं आणि दोन्ही दांड्या एकाच दारावर, थोड्या जवळजवळ बसवल्या. दारं लावून घेतली. मग एकतीस किलोचा बाक डोळ्यांसमोर आला, म्हणून प्रत्येक चिमटा आणखी दोन-दोन फेरे आवळला. कॅरियर धरून हलवलं तर अख्खी गाडी हलली. समाधानानं वर गेलो आणि पाना स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला.

शनिवारी सकाळी आठला खाली आलो तर दार उघडेना. दुसरंही उघडेना. चिमट्यांनी दारं अशी दाबून धरली होती की जणू गाडी आणि कॅरियर एकाच ओतकामातून निघालेत.

पाना तिसऱ्या मजल्यावर होता. पण रुमियाना बाल्कनीत उभी होती, वडिलांची गादी उन्हात टाकत.

"काय झालं?" तिनं वरून विचारलं.

"काही नाही. टायर बघतोय."

मी गाडीला एक फेरी मारली, डिकी उघडली आणि आत शिरलो. माझं वय सत्तेचाळीस आणि पोटाचा घेर गाडीच्या चाकापेक्षा मोठा आहे. मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर जाताना माझा एक पाय हॉर्नवर पडला आणि चौथ्या मजल्यापर्यंत सगळे बाल्कनीत आले. डिकी आतून दोरीनं ओढून घेतली. रुमियानानं काहीच विचारलं नाही. मी हात हलवला, तिनंही हलवला.

मनाशी म्हटलं, गावात पान्यांना काय तोटा!

गोर्ना क्रुशात सासरे फाटकाशी तयार उभे होते. काळा कोट, इस्त्रीची पँट, शेजारी एक सूटकेस. बाजूला गेन्चोकाका, निरोप द्यायला आलेले. मी गाडी थांबवली आणि आतच बसून राहिलो.

"उतरा की, जावईबापू," सासरे म्हणाले.

मी डिकीतून उतरलो. आधी पाय, मग बराच वेळ काहीच नाही, मग उरलेला मी.

गेन्चोकाकांनी टोपी काढली. "अपघात झाला का रे?"

"नाही. दारं जरा घट्ट बसलीत."

सासऱ्यांनी गाडीला फेरी मारली. दार ओढून बघितलं, चिमट्यावर नख वाजवलं. "आवळलं कोणी?"

"मी."

"शाबास. चोर तरी शिरायचा नाही." ते सूटकेसवर बसले. "आणि मी आत कुठून जायचं? माझं कंबरेचं हाड फेब्रुवारीपासून दुखतंय. मी काही सुटं सामान नाही डिकीत टाकायला."

"काच खाली होते बाबा. आम्ही दोघं उचलून खिडकीतून..."

"खिडकीतून मी आयुष्यात एकदाच आत शिरलोय," ते म्हणाले, "आणि त्याचा परिणाम तुमच्या घरी भांडी घासतो. पुन्हा नाही."

गेन्चोकाका जाऊन पान्यांचा डबा घेऊन आले. त्यात सायकलचे होते, ट्रॅक्टरचे होते, एक पाना तर विहिरीच्या पंपाचा होता. आमच्या चिमट्याला एकही लागेना. शेवटी त्यांनी हातोडी आणि छिन्नी काढली, तेव्हा मी गाडीसमोर आडवा उभा राहिलो. तेवढ्यात पलीकडच्या दोन्काबाई गरम बानित्सा घेऊन आल्या. चीज भरलेल्या त्या पापुद्र्यांचा वास सगळ्या गल्लीत पसरला. प्रवासासाठी म्हणून आणलेली ती बानित्सा आम्ही उभ्यानंच खाल्ली, कारण प्रवास होईल असं कोणालाच वाटत नव्हतं.

मला मात्र सासऱ्यांची काळजी वाटायला लागली. ते उठून मांडवाखाली गेले आणि बाकावर बसले. कोट काढून शेजारी ठेवला. मग बूटही काढले.

"बाबा, बूट कशाला काढता? निघायचंय."

"बघू," ते म्हणाले. "कोंबड्या गेन्चोला दिल्यात. दिल्या तशा परत मागता येतील."

मग मी ते केलं जे मी सकाळी आठला करायला हवं होतं. रुमियानाला फोन लावला.

तिनं फोन उचलला नाही. पुन्हा लावला. दुसऱ्या वेळी उचलला आणि तिचा आवाज फारच बारीक होता. "बाबांना काही झालं?"

"नाही. बाबा ठीक आहेत, बानित्सा खाताहेत. मी... खणात एक पाना आहे."

थोडा वेळ ती नुसती श्वास घेत होती. तिची माफी मागावी असं मला त्या श्वासांनी वाटलं, तिच्या बोलण्यानं इतकं कधी वाटलं नव्हतं.

"मी तुला डिकीतून आत जाताना बघितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, विचारलं तर तुला वाईट वाटेल. बाराची बस आहे. येते."

दीड वाजता ती फाट्यावरून चालत आली, हातात पाना. मी चारही चिमटे सैल केले आणि दारं उघडली, अगदी काहीच झालं नसल्यासारखी. पण सैल चिमट्यांवर बाक ठेवता येत नव्हता, आणि आवळले की दारं बंद. गेन्चोकाकांनी सुचवलं, "आधी सगळे आत बसा, मी बाहेरून आवळतो. लोवेचला पोचलात की कोणीतरी सोडवेल." मला कल्पना वाईट वाटली नाही. रुमियानानं आम्हा दोघांकडे असं बघितलं की आम्ही दोघंही द्राक्षं बघायला लागलो.

मग ती बाकापाशी गेली. त्यावरून हात फिरवला. "ठेवणार कुठे हा?"

"बाल्कनीत," मी म्हणालो.

"बाल्कनी किती आहे?"

मी बाक मोजला होता. गाडी मोजली होती. दांडीची जाडी मिलिमीटरमध्ये माहीत होती.

"एक मीटर सत्तर," तीच म्हणाली. "तिथली चटई मीच मोजून घेतली होती."

रुमियाना वडिलांकडे बघत होती आणि वडील आपल्या मोज्यांकडे. सात महिने ती ज्या शनिवारची वाट बघत होती तो हा असा, माझ्या तक्त्यासकट, हातातून निसटत होता. मी खरंच सांगतो, त्या क्षणी मला कोणी दोन्ही दांड्यांच्या मध्ये बांधून नेलं असतं तरी चाललं असतं.

"बाबा, राहू दे," ती हळूच म्हणाली. "तुमचं मन नसेल तर मी काही म्हणणार नाही."

सासऱ्यांनी बूट घातले. नाड्या बांधायला वेळ लागला, आम्ही थांबलो. मग ते घराच्या मागे गेले आणि करवत घेऊन आले.

"बाबा!"

"मी बनवलाय, मीच कापीन." त्यांनी बाकाच्या मधल्या पायापाशी बोट ठेवलं. "या टोकाला ती बसायची. त्या टोकाला मी. मधे ताट. तिची बाजू न् ताटाची जागा घेऊन जाऊ. मधल्या पायापलीकडे कापलं की उभा राहतो."

"आणि तुमची बाजू?"

"गेन्चोला. नाहीतरी मी उठलो की तो तिथेच येऊन बसतो."

गेन्चोकाकांनी बाकाचं ते टोक घट्ट धरून ठेवलं. सासऱ्यांनी पेन्सिलनं रेघ मारली. मी टेप काढला तर म्हणाले, "ठेवा ते." आणि कापायला लागले. निम्म्यावर दम लागला तेव्हा करवत माझ्या हातात दिली. अक्रोड फार कठीण लाकूड आहे. माझा घाम बघून दोन्काबाईंनी रुमाल आणून दिला.

बाक झाला एक मीटर तीसचा. मी तो उचलून टपाकडे निघालो, तेवढ्यात रुमियानानं मागची अर्धी सीट पाडली, डिकी उघडली आणि म्हणाली, "इकडे आण."

बाक तिरका घातला आणि आत गेला. वर चार बोटं जागाही उरली. ती त्याच्या शेजारी अंग चोरून बसली, सासरे पुढे बसले, दारातून, सरळ, माणसासारखे. टपावर काहीच ठेवायचं उरलं नाही. चिमटे सैल होते, तेव्हा बाकासाठी आणलेली दोरी दारं उघडी ठेवून छताखालून फिरवली आणि तीन आठवडे निवडलेलं ते कॅरियर मी गाडीला बांधलं, रस्त्यात पडू नये म्हणून.

गावाच्या वळणापर्यंत सासऱ्यांनी मागे बघितलं नाही. रुमियाना एका हातानं बाक धरून होती आणि दुसरा हात तिनं वडिलांच्या खांद्यावर ठेवला होता. खालच्या सरळ रस्त्याला लागल्यावर मी वेग वाढवला, तसा रिकाम्या दांड्यांतून आणि दोरीतून वारा शिरला आणि गाडीत एक बारीक, लांब सूर घुमायला लागला. वेग वाढला की चढायचा, वळण आलं की उतरायचा.

सासऱ्यांना ऐकू जरा कमी येतं. त्यांनी बराच वेळ मान डोलवली, मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"जावईबापू, मापाचं तुम्हाला काही कळत नाही. पण शीळ छान घालता."

मी आरशात बघितलं. रुमियानानं तोंड बाकाच्या मागे लपवलं होतं, आणि तिचे खांदे हलत होते. मी वेग थोडा वाढवला आणि लोवेच येईपर्यंत ओठांचा चंबू करून बसलो.