शेवटची दोन रिळं

ग्रंथपालबाईंनी दाराशी उभं राहून दोन्ही हातांनी हवेतला रबर ताणल्यासारखं केलं. म्हणजे, भाषण लांबवा. वाचनालयाच्या सभागृहात साठेक माणसं बसली होती, पडदा कोराच होता, आणि दहा मिनिटांसाठी जुळवलेलं बोलणं त्यांनी सात मिनिटांतच संपवलं होतं.

विषय मात्र जिव्हाळ्याचा होता. युद्धाच्या काळातला तो जुना प्रेमपट त्यांनी एकदाच, त्रेचाळीस वर्षांपूर्वी, इथल्याच थिएटरात पाहिला होता. पण दुकानात घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते तो ऐकवत. तेव्हा शेजारच्या खुर्चीत जी मुलगी होती, तिला त्यांनी बाहेर पडल्या पडल्या लग्नाचं विचारलं होतं. ती आता पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स ठेवून बसली होती.

सिनेमाचं मशीन काही सुरू होईना, तेव्हा घड्याळजी गोष्टच सांगू लागले. सैनिक आणि परिचारिका. तळघरातली ओळख. स्टेशनवरची ताटातूट. तरी मशीन गप्प. शेवटी नाइलाज झाला.

"आणि मग एके दिवशी पुलावर तो समोरून येतो. हात गळ्यात बांधलेला. ती सायकल तिथंच टाकून धावत सुटते. संपला सिनेमा! एवढ्या युद्धातून त्या दिग्दर्शकानं दोन माणसं सुखरूप बाहेर काढली. याला म्हणतात हिंमत!"

टाळ्या पडल्या, आणि त्याच क्षणी पडदा उजळला.

दीड तास घड्याळजी सुखात होते. मग पूल आला. ते चमकले. पूल फारच लवकर आला होता. आणखी एखादा पूल असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण सैनिक दोनच आठवड्यांच्या रजेवर आला होता. हात बरा झाला, तार आली, स्टेशन आलं, गाडी सुटली. रिकाम्या फलाटावर ती हात हलवत राहिली आणि 'समाप्त'ची पाटी झळकली.

दिवे लागले. निवृत्त मुख्याध्यापिका उठून उभ्या राहिल्या.

"घड्याळजी, राग मानू नका. पण तुम्ही सिनेमा पाहिलाय ना?"

"तुमच्या भरवशावर मी रुमालसुद्धा आणला नाही," मागून एक बाई नाक ओढत म्हणाल्या.

"ही प्रतच बिघडलेली आहे!" घड्याळजी म्हणाले. "कुणीतरी कापून उलटसुलट जोडलीय!"

आता ग्रंथपालबाईंना लागलं. "रीतसर परवानगी काढून आणलाय आम्ही. चार महिने पत्रं लिहीत होते मी!"

"माझ्याकडे साक्षीदार आहे!" घड्याळजींनी पहिल्या रांगेकडे बोट केलं. "अगं, सांग की यांना!"

बायकोने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "पुलावर भेटले होते खरे," ती म्हणाली.

सभा दोन तटांत विभागली जाणार, तेवढ्यात मशीनमागून खोकण्याचा आवाज आला. वाचनालयाने मदतीला बोलावलेला तो म्हातारा ऑपरेटर. उभी हयात त्याने त्याच थिएटरात काढली होती.

"त्यांचं बरोबर आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "शेवटची दोन रिळं तेव्हा उलट क्रमाने लागली होती. पहिल्या दिवशी चुकून. 'समाप्त'ची पाटी मध्येच आली, तशी मी घाबरून भिंगासमोर हात धरला. मला वाटलं, आता लोक खुर्च्या मोडणार. तर लोक टाळ्या वाजवत बाहेर पडले! मग शनिवारीही मीच मुद्दाम तशी लावली. रविवारी सकाळीच मालकांनी पकडलं."

"मग तसाच दाखवा ना," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "बघू तरी."

ऑपरेटरने आधी स्टेशन दाखवलं, मग पूल. सायकल पडली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. घड्याळजी मात्र टाळी वाजवायची विसरून बसले होते. आपला अख्खा संसार एका माणसाच्या हलगर्जीपणावर उभा आहे, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं.

घरी जाताना ते बायकोच्या पुढे पुढे चालत होते. कोपऱ्यावर वळताना थांबले.

"तुला धक्का बसला असेल."

"मला? नाही हो. मी रविवारी बहिणीबरोबर पुन्हा गेले होते. तेव्हा रिळं सरळ होती."

"कुठल्या रविवारी?"

"त्याच. तुम्ही शुक्रवारी विचारलंत, मी म्हटलं, विचार करून सांगते."

घड्याळजींनी मनात वार मोजले. "पण तू 'हो' म्हणालीस ती सोमवारी!"

"मग?"

"म्हणजे खरा शेवट बघून?"

"शुक्रवारचा बघून माझं 'नाही'च ठरत आलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, आपलं माणूस असेल तर फिरून येतंच, घाई कसली! रविवारी ती फलाटावर हात हलवत उभी राहिली, तेव्हा वाटलं, हे काही आपल्याला जमायचं नाही."

"आणि मी त्रेचाळीस वर्षं चुकीचा शेवट सांगत सुटलो, तो ऐकत होतीस!"

"छान सांगायचात," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडायला तिने त्यांचं कोपर धरलं.